अर्धा मोडेम

मित्रांनो, हल्ली 'मोडेम' म्हटलं की तुम्हाला कोपऱ्यातला वाय-फायचा डबा आठवत असेल. आमच्या वेळचा मोडेम ओरडायचा! फोन लागला की आधी 'टुंई' करून शीळ, मग कुणीतरी पत्रा घासतंय असा खरखराट, आणि मग एकदम शांतता. ती शांतता ऐकू आली म्हणजे नेट लागलं.

तर ही गोष्ट मे २००४ ची. टीईची परीक्षा संपली आणि मी माझा असेंबल्ड पीसी एसटीने गावी नेला. अण्णांनी शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून तो घेऊन दिला होता. त्याच वर्षी घरी फोनही आला होता. दादा मस्कतला नोकरीला. तिकडून फोन करायचा म्हणजे दोन मिनिटांत त्याचा जीव वर-खाली व्हायचा, म्हणून तो दर आठवड्याला ई-मेल करायचा आणि अण्णा बारा किलोमीटरवरच्या तालुक्याला जाऊन कॅफेतल्या पोराकडून तो वाचून घ्यायचे. या सुट्टीत मी त्यांना सांगून टाकलं, "आता तुम्ही जायचं नाही. दादाचं पत्र घरात येईल."

आणि त्याच रात्री मी विंडोज पुसून टाकलं.

का, तर हॉस्टेलवर लिनक्सची लाट होती. मासिकाबरोबर आलेल्या सीड्या रूमरूममधून फिरायच्या. विंडोज वापरणारा म्हणजे कच्चा गडी, असा एकूण सूर. मी रेड हॅट ९ टाकलं. काळ्या पडद्यावरून अक्षरं सरसरत गेली, आई म्हणाली "बिघडलं का रे?", आणि मी हसलो.

सकाळी हसू मावळलं. डायलरचं म्हणणं एकच, मोडेम प्रतिसाद देत नाही. विंडोज परत टाकावं तर सीडी दुकानदाराने कधी दिलीच नव्हती.

मोडेम बिघडला नव्हता, भानगड वेगळी होती. जुन्या पद्धतीच्या, बाहेरून सीरियल पोर्टला लावायच्या मोडेमला स्वतःचं डोकं असतं. त्याला 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा द्यायच्या, आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज तो स्वतः करतो. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून ही पद्धत चालत आली होती, त्यामुळे असा मोडेम कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. पण तो महाग. माझं साडेचारशे रुपयांचं आतलं कार्ड म्हणजे 'विनमोडेम'. त्यावर फोनची वायर लावायची जागा, सिग्नल इकडून तिकडे बदलणारी चिप आणि थोडं किरकोळ सामान. सिग्नलचं खरं गणित करणारा भाग पैसे वाचवायला काढून टाकलेला. ते काम पीसीच्या प्रोसेसरने करायचं, आणि कसं करायचं ते ड्रायव्हरने सांगायचं. तो ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी. चिपची आतली माहिती कंपन्या द्यायच्या नाहीत.

हे अण्णांना समजावून सांगितलं. ते मास्तर. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपण अर्धाच मोडेम विकत घेतला म्हण की! पैसे मात्र पूर्ण दिले."

इतकी वर्षं झाली, ओपन सोर्सची याहून सोपी व्याख्या मला मिळालेली नाही.

मात्र जगभर काही मंडळी या अर्ध्या मोडेमच्या मागे लागली होती. त्यांनी त्याचं बारसं केलं होतं 'लिनमोडेम'. काही चिपसाठी कंपनीने बंद डब्यासारखी कंपाइल केलेली फाइल दिली होती आणि भोवतीचा कोड उघडा ठेवला होता. तो आपल्या कर्नलला जुळवून कंपाइल करायचा. एका चिपच्या ड्रायव्हरची तर फुकट आवृत्ती मुद्दाम १४.४ केबीपीएसला बांधून ठेवलेली होती, ५६ चा वेग हवा तर पैसे भरा! सुदैवाने माझी चिप ती नव्हती.

पण ड्रायव्हर आणायला नेट हवं, आणि नेटला ड्रायव्हर. मी एसटीने तालुक्याला गेलो, फ्लॉपीत फाइल घेतली, घरी येऊन 'मेक' दिलं. पडदाभर एरर! कर्नलचा सोर्स टाकलेलाच नव्हता. तो सीडीवर सापडला. पुन्हा 'मेक', तर फ्लॉपीतली एक फाइल खराब. पुन्हा तालुका, या वेळी दोन फ्लॉप्या. घरी आल्यावर कळलं की चालू कर्नल आणि सोर्स यांचे नंबर जुळत नाहीत. असे आठ दिवस गेले. अण्णा रोज संध्याकाळी दारात उभं राहून विचारायचे, "आलं का रे पत्र?" मी म्हणायचो, "उद्या."

नवव्या रात्री मोड्यूल चढलं. मिनिकॉममध्ये 'एटीझेड' टाइप केलं आणि खाली 'ओके' उमटलं. मी खुर्चीतून उडालोच! फोन लावला. शीळ, खरखराट, शांतता. वेग ३१.२. आई-अण्णांना झोपेतून उठवून समोर बसवलं.

दादाचा मेल होता, सात दिवसांपूर्वीचा. "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आता बरा आहे, काळजी करू नका. हा नंबर हॉस्पिटलचा, जमलं तर एकदा फोन करा." त्याखाली चार दिवसांपूर्वीचा आणखी एक. "मेल मिळाला नाही का?"

आई पदर तोंडाला लावून बसली. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो नंबर कागदावर लिहून घेतला आणि मला म्हणाले, "आता हे बंद कर, फोन मोकळा कर."

मित्रांनो, त्या आठ दिवसांत मी दोनदा तालुक्याच्या कॅफेत, चालू नेटसमोर बसलो होतो. दादाचा मेल उघडायला दोन मिनिटं लागली असती. उघडला नाही, कारण तो घरच्याच मशीनवर, माझ्याच लिनक्सवर उघडून दाखवायचा होता. दोष चिप बनवणाऱ्याचा होताच, तो मी आजही मांडतो. पण ते सात दिवस माझे होते.

दादा बरा झाला. आता तो ही गोष्ट सगळ्या लग्नकार्यांत रंगवून सांगतो. सुट्टी संपल्यावर मी सगळ्या पायऱ्या मराठीत लिहून हॉस्टेलच्या रीडिंग रूमबाहेर चिकटवल्या. बऱ्याच जणांचे मोडेम त्यावर चालू झाले. पहिली पायरी होती : 'आधी घरचा मेल बघून या. मग बाकीचं.'

आज मी याच कॉलेजात शिकवतो. डायल-अप गेलं, ते ड्रायव्हर बहुतेक आजच्या कर्नलवर चढतही नाहीत, कारण तो बंद डबा उघडून दुरुस्त करणं बाहेरच्या कुणालाच शक्य नव्हतं. पण रोग जुनाच आहे. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चढत नाही म्हणून रात्री दोन वाजता माझ्या फोनवर मेसेज येतात. एनव्हीडियाने २०२२ मध्ये आपल्या कर्नल मोड्यूलचा सोर्स खुला केला तेव्हा मला अण्णांचं वाक्य आठवलं. अर्ध्यातला थोडा भाग परत मिळाला म्हणायचा!

तर मुलांनो, जरूर खटपट करा, सोर्स उघडा, मशीन बिघडवा, दुरुस्त करा. फक्त दारात कोण उभं आहे तेवढं मधूनमधून बघत चला.

— एक माजी विद्यार्थी, सध्या स्टाफ