वरील माहिती मला समजली आहे

गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेतून एक फॉर्म आला. एचपीव्ही लस, शाळेतच शिबिर, पालकांची सही हवी. चहा पिता पिता ठोकली सही. बायको म्हणाली, "वाचलास तरी का?"

नव्हता वाचला. 'आय ॲग्री'चे चेकबॉक्स आम्हीच बनवतो ना, ते कुणी वाचत नाही हे आम्हाला जरा जास्तच माहीत असतं!

मग वाचला. चार-पाच ओळी, आणि शेवटी "वरील माहिती मला समजली आहे." वर माहिती कसली, तर तारीख आणि वेळ.

आधीच सांगतो, मी लसविरोधी वगैरे नाही. लेकीच्या सगळ्या लशी वेळेवर झाल्यात. एमएमआर लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा वेकफिल्डचा 1998 चा लेख 'लॅन्सेट'ने 2010 साली मागे घेतला, हे मी फॅमिली ग्रुपवर इतक्यांदा टाकलंय की एक काका माझ्याशी बोलत नाहीत. पण त्या ओळीने डोक्यात किडा सोडला, आणि रात्री शोधता शोधता खम्ममला पोचलो.

2009 साली खम्मम (तेव्हा आंध्रात, आता तेलंगणात) आणि गुजरातेत वडोदरा इथे याच लशीचा प्रकल्प झाला. 'पाथ' ही अमेरिकन संस्था आणि आपली आयसीएमआर. मुली 10 ते 14 वर्षांच्या, खम्मममधल्या बऱ्याचशा आदिवासी वसतिगृहातल्या. सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल 2010 मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. कुणी बुडालेली, कुणाला साप चावलेला. पण फॉर्म! 2013 च्या संसदीय समितीच्या अहवालात आकडे आहेत: आंध्रातल्या 9,543 फॉर्मपैकी 2,763 वर वॉर्डनची सही, 1,948 वर नुसते अंगठे. आईबाप लांब कुठेतरी गावात. लस निर्दोष असूनही बदनाम झाली, ती या कागदांपायी, असं माझं मत.

आणि मी? शिकलेला बाप, घरात बसलेला, तरी सही वॉर्डनसारखीच केली की.

सोमवारी आमच्या डॉक्टरांना फोन केला. वैतागतील असं वाटलं होतं, उलट नीट बोलले. या वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. दंड दुखतो, कधी ताप येतो. काही मुलींना चक्कर येते म्हणून नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं. आधी कशाची जोरदार ॲलर्जी आली असेल तर सांगायचं. आणि लस घेतली तरी मोठेपणी गर्भाशयमुखाची तपासणी चुकत नाही. सगळं मिळून सात मिनिटं. फॉर्मवर मावलं असतं हो!

खरी पंचाईत पुढेच होती. लेकीने विचारलं, "बाबा, लस कशाची?" मी म्हटलं कॅन्सरची. "तो कशाने होतो?" व्हायरसने. "तो कसा पसरतो?" मी बायकोकडे बघितलं. तिने पेपर वर केला.

मग सांगितलं. अडखळत, पण शरीरसंबंध हा शब्द न गाळता. लेक शांतपणे ऐकत होती. मला उगाच घाम.

"म्हणजे मुलांनाही होतो व्हायरस. मग दादाला का नाही लस?"

डॉक्टरांना परत फोन करायचाय.