जानेवारीतला नेपाळ

धान चुरून झाले, पोती घरात आली. बांधीतल्या लाखोरीला आता माझी फारशी गरज नाही. आमच्या कोंढा गावातल्या माणसाला मोकळा वेळ मिळतो तो हाच. म्हणून ठरवलं, नेपाळला जानेवारीतच जायचं.

लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातात. तेव्हा गर्दीही असते आणि भावही चढे. जानेवारीत काठमांडूत रात्री पारा दोन-तीन अंशांवर उतरतो, पण आकाश बहुधा निरभ्र असतं. मुक्तिनाथ मात्र सोडलं. सुमारे ३,७०० मीटर उंची, त्यात बर्फ. आई सोबत आहे, तिला ते झेपणार नाही.

खरी ओढ बुद्धाच्या लुंबिनीची. ती तराईत, सपाटीवर. तिथे अशोकाचा स्तंभ आहे. आपल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप निघाला, तेव्हापासून बुद्धाशी जोडणारा हा धागा माझ्या मनात घट्ट आहे. लहानपणी त्या टेकडीवर आम्ही नुसतेच हुंदडलो. आता बुद्धाचं जन्मस्थळ पाहायचं, मग काठमांडूचं स्वयंभूनाथ.

नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, पुढे सुनौलीची सीमा. व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र चालतं. आईचं कार्ड काल पेटीतून काढून ठेवलं.