पहिले हेलिकॉप्टर

दिवाळीत अकोल्याहून अमरावतीला आजोळी आलेल्या नातवाच्या पिशवीत एक मोडके हेलिकॉप्टर होते. रिमोटवर उडणारे, एकाच पंख्याचे, चांगलेच महागडे. पहिल्याच दिवशी गच्चीवरच्या वाऱ्यात सापडून ते कठड्यावर आदळले. वडिलांचे चार शब्द ऐकल्यापासून मुलाने त्याला हात लावला नव्हता.

आजोबांचा जन्म कापडाच्या पेढीवर गेलेला. पोत चाचपल्याशिवाय त्यांनी कधी ठाण घेतले नाही. नातवाला घेऊन ते जवाहर रोडवर गेले आणि किमतीआधी त्यांनी विचारले, “याची सुटी पाती मिळतात का?” प्रश्न व्यापाऱ्याचा खरा, पण नेमका. शिकाऊ हातून पाती तुटायचीच.

निवड झाली ती एकावर एक दोन पंखे असलेल्याची. हे पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, म्हणून हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत नाही. एकपंखी यंत्रात तो तोल शेपटीच्या चिमुकल्या पंख्याला सांभाळावा लागतो. वेग बेताचा, कसरती नाहीत. नवशिक्याला हेच हवे. इन्फ्रारेड रिमोटचे स्वस्त हेलिकॉप्टर त्यांनी बाजूला सारले, कारण उन्हात त्याचा संकेत नीट पोहोचत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झ रेडिओचे घेतले.

दिवाणखान्यात, छताचा पंखा बंद करून, गुडघाभर उंचीवर सराव सुरू झाला. दोन पाती मोडली. तापलेली बॅटरी निवेपर्यंत चार्जरला लावायची नाही आणि लावल्यावर तिला सोडून उठायचे नाही, एवढाच आजोबांचा दंडक.

भाऊबीजेला हेलिकॉप्टर सतरंजीच्या मधोमध अलगद उतरले. नातवाने पहिला फोन अकोल्याला, वडिलांना लावला.