परमिट रूम आणि पायवाट

दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडपणी उरकते, खाचरं वाळतात आणि पुण्याजवळच्या आमच्या घोटावड्यात चालायला खरी मजा येते. बांधाबांधाने मुळा नदीकडे उतरायचं, हरभऱ्याच्या वावराला वळसा घालून परत फिरायचं. वाटेत भेटेल तो विचारतो, "कुठं निघाला?" "असंच, चालायला," हे उत्तर पटत नाही. "शुगर निघाली का?" हा पुढचा प्रश्न. देवाला चालत जावं, नाहीतर डॉक्टरने सांगितलं म्हणून. बिनकामाचं रानात हिंडणं आपल्याकडे जरा संशयास्पदच.

मुलगी इंग्लंडमध्ये शेफिल्डला होती तेव्हा तिच्याकडे काही दिवस राहिलो. तिथे रविवारी अख्खी कुटुंबं याच बिनकामाच्या उद्योगाला निघतात. आम्हीही रेल्वेने ईडेलला उतरलो. वाट थेट मेंढ्यांच्या कुरणातून जात होती. मी फाटकाशी थबकलो. "बाबा, या ना, वाट आहे इथून." समोरून शेतकरी आला. आता हा खेकसणार असं वाटलं. तो पावसाबद्दल दोन शब्द बोलून पुढे गेला. तिथल्या १९४९च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. वाट नांगरली, तर शेतकऱ्याने ती साधारण १४ दिवसांत पूर्ववत करून द्यायची. चालण्याचा हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. वरच्याच किंडर स्काउट पठारावर १९३२ साली शेकडो कामगार जमीनमालकांची बंदी मोडून चढले होते. पाच जण तुरुंगात गेले.

चालणं संपलं ते 'ओल्ड नॅग्ज हेड' पबमध्ये. चिखलाचे बूट तसेच, टेबलाखाली कुत्रा, शेजारी आजीबाई, नातवंडांपुढे चिप्स. मी काय घेतलं ते घोटावड्यात सांगायची गरज नाही.

गंमत म्हणजे त्याच १९४९ साली मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. प्यायचं तर परमिट हवं, म्हणून आपल्या रस्त्यांवर पब नाही, परमिट रूम आहे: काळ्या काचा, मिणमिणता दिवा आणि ओळखीचं कुणी दिसलं की खाली जाणारी मान. तिथे कोण बायकोमुलांना नेणार? पबचं काम आमच्याकडे फाट्यावरची चहाची टपरी करते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची जमीन गेली, सगळं तिथेच कळतं.

आणि जमीन तर रोज जातेय. हिंजवडी जवळ आल्यापासून बांधांवर तारा आल्या, प्लॉटिंगच्या भिंती आल्या. गावनकाशावर पायमार्गाची तुटक रेघ आहे, सव्वाआठ फुटांची वाट. जागेवर मात्र लोखंडी गेट, आणि वॉचमन विचारतो, "किससे मिलना है?" पूर्वी हक्काचा प्रश्न नव्हता, ओळख पुरायची. आता ओळखही गेली. पौडला तहसीलदारांकडे १९०६च्या मामलेदार कायद्याखाली वाट मोकळी करून मागता येते, पण ती शेतावर जायला. नुसतं फिरायला वाट हवी, असा अर्ज त्यात बसत नाही. तेव्हा मी डांबरी रस्ता धरतो आणि डंपरची धूळ खात टपरी गाठतो.