शून्य सावलीच्या शहरातून

प्रिय गौरी,

काऊन गं, डब्लिनमध्ये अजून स्वेटर निघाला नाही म्हणतेस? इकडे कूलरच्या ताट्याही बदलून झाल्या.

तू विचारलंस, सिनेमॅटोग्राफर काम मागायला जातो तेव्हा दाखवतो काय? पदवीपेक्षा शोरील बघतात गं. निवडक शॉट, दीड-दोन मिनिटांचे. पहिल्या काही शॉटमध्येच मत बनतं, म्हणून सुरुवात फार विचार करून केली. लग्नांतले ड्रोन शॉट काढून टाकले. देखणे होते, पण कुणीही घेतले असते. त्यांच्या जागी मारबतीची मिरवणूक आली. पोळ्याचा दुसरा दिवस, इतवारीतली रेटारेटी, खांद्यावर कॅमेरा, आणि त्या कल्लोळात पिवळ्या मारबतीकडे एकटक बघणारी एक म्हातारी. तिच्यावर मी थांबले आणि शॉट लांबू दिला.

दुसरा शॉट भर दुपारचा. नागपूर २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे मेच्या शेवटी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. अशा उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून बहुतेक जण संध्याकाळची वाट बघतात. पण कळमन्याच्या बाजारातला हमाल राबतो दुपारीच! त्याचा चेहरा संध्याकाळच्या सोनेरी उजेडात दाखवणं मला खोटं वाटतं. मी वर पांढरी चादर ताणली, खालून थर्माकोलवरून उजेड परतवला. डोळे दिसले, ऊनही राहिलं.

चादरीची युक्ती सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्रांची. 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. मित्रांनी वर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड खाली परतवला आणि आकाशाचा मऊ प्रकाश आणला. त्याआधीची गोष्ट मला जास्त धीर देते. ज्याँ रेन्वार कलकत्त्यात 'द रिव्हर'चं चित्रीकरण करत होते. तिथे मित्रांना काम मिळालं नाही, फक्त बघायची परवानगी मिळाली. ते रोज दिवे कुठे लावलेत त्याच्या आकृत्या वहीत काढत राहिले. पुढे 'पथेर पांचाली' हातात आला तेव्हा सिनेमाचा कॅमेरा त्यांनी कधी चालवलेला नव्हता.

म्हणून मी रीलसोबत माझ्या आकृत्याही जोडतेय. प्रत्येक शॉटखाली सूर्य कुठे होता, काय अडवलं, काय परतवलं, आणि त्यात माझं काम नेमकं कोणतं होतं. नवख्याच्या फ्रेमपेक्षा त्याचा विचार बघून काम द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मागणीही स्पष्ट ठेवलीय : कॅमेरा असिस्टंट. लेन्स, फिल्टर, डेटा, जे सांभाळायला देतील ते. 'झुंड' (२०२२) इथेच चित्रित झाला, कॅमेरा 'सैराट'वाल्या सुधाकर रेड्डी यक्कंटींचा. आपल्या वस्त्या, आपली धूळ पडद्यावर बघून मला रडू आलं होतं. पुढचं युनिट इथे येईल, तेव्हा महाल भागातल्या कुठल्या गल्लीत ऊन किती वाजेपर्यंत टिकतं हे सांगणारं कुणीतरी त्यांना लागेलच ना!

सोमवारी मुंबईला मेल धाडतेय. त्याआधी रील तुझ्या मोठ्या टीव्हीवर लाव. आधी आवाज बंद करून बघ आणि कुठे कंटाळा आला ते सेकंदासकट कळव. आईची लोणच्याची बरणी तुझ्या दादासोबत पाठवतेय.

तुझी,
मृणाल