भाचीच्या गावी

सुटी लागली की भाचरांनी मामाच्या गावी जावे, तेथे लाड करून घ्यावेत आणि निघताना डोळ्यांत पाणी आणावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मामाने भाचीच्या गावी जाऊन तिच्या मागून हिंडावे, असा प्रसंग त्या मानाने विरळाच. गेल्या जानेवारीत तो माझ्यावर आला. आणि त्या चार दिवसांत नागपूरविषयी, व थोडे माझ्या स्वतःविषयीही, जे कळले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

माझी धाकटी बहीण नागपुरास धरमपेठेत राहते. दीड वर्षापूर्वी तिच्या पतीचे अकस्मात निधन झाले. तिची नोकरी तेथेच. पदरी आठ वर्षांची एकुलती एक मुलगी. या मायलेकींना आता पुण्यास आणावे, असा बेत मनाशी पक्का करून, पुण्यातील एका शाळेचा प्रवेश-अर्जसुद्धा पिशवीत घालून, मी रात्रीच्या गाडीने निघालो. वडीलभावाचे कर्तव्य करावयास आपण चाललो आहो, या समाधानात झोपही उत्तम लागली. बहिणीच्या मनात काय आहे हे आधी विचारावे, एवढे मात्र सुचले नाही.

पहिल्याच रात्री जेवणे झाल्यावर मी विषय काढला. बहीण हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "पाहू, दादा," एवढेच बोलून ती भांडी आवरावयास उठली. दाराआड भाची उभी होती, हे मला मागाहून कळले. दोन वर्षांपूर्वी "अरे मामा, वाक ना!" म्हणून माझ्या पाठीवर बसणारी ही पोर, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही चहा घ्या." त्या एका 'तुम्ही'ने मी घरचा होतो तो पाहुणा झालो.

तो दिवस २६ जानेवारीचा होता. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. प्रजासत्ताकदिनासारख्या राष्ट्रीय दिवशी तो लोकांस पाहावयास मिळतो. "तिचे बाबा दरवर्षी तिला नेत असत," बहीण म्हणाली. "गेल्या वर्षी चुकलं. या वेळी तू घेऊन जा."

शंकरनगरहून आम्ही मेट्रोत बसलो. नागपुरात ही गाडी २०१९ साली सुरू झाली. रस्त्याच्या डोक्यावरून ती धावू लागली की खाली शहर नकाशासारखे उलगडत जाते. "मामा, तुम्ही काहून बाहेर नाही पाहून राहिले?" भाचीने विचारले. पुणेरी जीभ ती! माझ्याने राहवले नाही. "बाळ, 'काहून' नव्हे, 'का' म्हणावे." ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. "बाबा असंच बोलायचे," ती म्हणाली, आणि बर्डी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. (सीताबर्डीस तेथे सारे 'बर्डी'च म्हणतात, हेही मला त्या दिवशी कळले.)

किल्ला म्हणजे भर शहरातील टेकडी. एक मोठी व एक लहान अशा येथील दोन टेकड्यांवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांची फौज व इंग्रज यांची लढाई झाली. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी जिंकली होती. परंतु अखेरीस जय इंग्रजांचा झाला, आणि पुढे त्यांनीच येथे किल्ला बांधला. हे सर्व मी भाचीस सांगितले. पुढे १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, तेव्हा वारस नाही या सबबीवर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, हेही सांगितले.

"म्हणजे कोणी ठरवलं?" तिने विचारले.

"कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलने."

"आणि राजाच्या घरच्यांना विचारलं नाही?"

"राण्यांनी आपले म्हणणे मांडले होते. ते कोणी ऐकले नाही."

ती काही बोलली नाही. पोरीने तो प्रश्न इतिहासापुरताच विचारला असेल; पण माझ्या खांद्यावरची पिशवी, आतल्या त्या अर्जासकट, मला एकाएकी जड वाटू लागली.

तेथून उतरून आम्ही टेकडीच्या गणपतीस गेलो. रेल्वे स्थानकाजवळच, त्याच टेकडीच्या अंगाला हे नागपूरकरांचे लाडके दैवत आहे. भाचीने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. काय मागितलेस, असे मी विचारले नाही.

"आता घोडे," ती बाहेर येताच म्हणाली. हे घोडे म्हणजे 'झिरो माइल'चे. १९०७ साली इंग्रजी अमदानीतील भूमापनाच्या वेळी उभारलेला वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याच्यापाशी चार घोडे, असे हे स्थळ आहे. हाच हिंदुस्थानचा नेमका मध्य, असा लोकांचा समज. वस्तुतः तो मोजणीचा दगड. त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. पलीकडेच विधानभवन. १९५६ साली नागपूरचे राजधानीपण गेले; १९६० पासून महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरू लागले. मोठ्या शहरांनाही आपले स्थान पुन्हा मिळविण्यास वेळ लागतो.

भाची एकेका घोड्याला हात लावून आली. "बाबा म्हणायचे, सगळी गावं इथून मोजतात." मग स्तंभाकडे बोट करून म्हणाली, "तुमचं पुणं शोधा."

मी चहूबाजूंनी फिरलो. पुणे कोठेही नव्हते.

"नाही न?" ती म्हणाली. ओठ हसू पाहत होते, पण डोळे भरून आले होते. "मामा, आम्ही इथंच राहिलो तर तुम्ही रागवाल?"

मी घोड्यापाशी तसाच खाली बसलो. "नाही," मी म्हणालो. "तू आणि आई ठरवाल ते." बोलणे साधेच, पण ते पुण्याहून निघण्यापूर्वी सुचावयास हवे होते. तिने माझ्या हातात हात दिला. परतताना एका गाडीवर संत्री होती. मी मोठाली, चकचकीत फळे उचलली, तेव्हा तिने ती परत ठेवली. "ही नको. साल सैल असते ती घ्यायची. आंबियाची सरत आली, मृगाची आता येतील." बागाईतदाराच्या थाटात तिने वर्षाचे दोन बहार मला समजावून दिले.

त्या रात्री मी बहिणीस प्रथमच विचारले, "तुला काय वाटते?" ती तासभर बोलत होती. तिचे कार्यालय, रात्री-अपरात्री धावून येणारे शेजारी, मुलीची शाळा, आणि ज्या घरात पतीची पुस्तके अजून जागच्या जागी आहेत ते घर. "इथं मी एकटी नाही, दादा. तिथं आले तर होईन." मी फक्त ऐकले. वडीलभावाचे तेही एक कर्तव्य असावे.

निघण्याच्या दिवशी स्थानकावर भाचीने संत्र्यांची पिशवी हाती दिली. तो अर्ज तिच्याच तळाशी राहिला होता, हे घरी पोचल्यावर लक्षात आले. सालीच्या तेलाचे डाग पडून तो निकामी झाला होता. गाडी हलली तेव्हा ती खिडकीबरोबर चालत ओरडली, "मामा, मे महिन्यात मी येईन! पण नंतर तू पुन्हा येशील न?"

त्या 'तू'साठी एक काय, अशा दहा रात्रींचा प्रवास करावा.