शंभर बाथची नोट

"एकट्याने पाच महिने फिरून शिकलास काय?" काका, मामा, शेजारी, सगळ्यांचं विचारून झालंय. थायलंड, लाओस, कंबोडिया... माझी उत्तरंही ठरलेली. सामान कमी न्यावं, रात्रीची बस धरावी, हॉटेलचा खर्च वाचतो. एक गोष्ट मात्र घरी सांगितली नव्हती.

बँकॉकला पाहुरात भागात सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे. शेवटच्या आठवड्यात पैसे संपत आले, म्हणून सकाळी लंगरला गेलो (भक्ती वगैरे काही नाही!). शेजारच्या म्हाताऱ्या सरदारजींनी गाव विचारलं. लातूर तिथे कुणाला कळणार? नांदेड म्हणालो. कॉलेजची चार वर्षं तिथेच गेली होती. त्यांचा घास हातातच राहिला. "हजूर साहिब?"

१७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, ते नांदेड. "बेटा, रोज मत्था टेकते होगे!"

मी मान हलवली. चार वर्षांत एकदाही आत गेलो नव्हतो. बाहेरच्या रस्त्यावरून कितीदा गेलो असेन, ते वेगळं.

निघताना त्यांनी शंभर बाथची नोट हातात ठेवली. माझ्या नावाने तिथे वाहा म्हणाले. गुडघ्यांमुळे आता त्यांचं येणं होणार नव्हतं.

नोट दोन दिवसांत मोडली. जेवण आणि बसचं तिकीट.

परत आल्यावर एसटीने अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. डोक्याला रुमाल बांधून आत गेलो, रुपये ठेवले. हिशोबापेक्षा थोडे जास्तच. मग त्यांचं नाव घ्यायला गेलो, तर आठवलं, ते मी विचारलंच नव्हतं.